मालगुंडजवळचा खोतांच्या जुन्या घरातला होमस्टे: घर, त्याचे कागद आणि राहायची सोय

गणपतीपुळ्याकडे राहायला कुठे जावं असं कोणी विचारलं तर मी आता हे घर सांगते, पण आधी विचारून घेते की तुम्हाला घर बघण्यात रस आहे का. कारण नुसतं झोपायला आणि दर्शनाला जायचं असेल तर पुळ्यात देवळाजवळ भरपूर हॉटेलं आहेत, लिफ्ट आहे, गाडी दारात लागते, इथे यातलं काही नाही. इथे गाडी वर रस्त्याला लावून जांभ्याच्या पाखाडीने, म्हणजे लाल दगडाच्या पायऱ्यांच्या वाटेने, सामान घेऊन खाली उतरावं लागतं, पावसात ती पाखाडी शेवाळलेली असते, आणि मोबाईलला रेंज फक्त खळ्यात म्हणजे पुढच्या अंगणात येते. हे सगळं आधीच सांगते म्हणजे नंतर कोणी नाराज व्हायला नको. बाकी मला विचाराल तर कोकणात इतकं नीट सांभाळलेलं आणि इतकं खरं खरं दाखवलेलं राहतं घर मी दुसरं पाहिलेलं नाही.

मालगुंड सोडून जयगडच्या रस्त्याला लागलं की थोडं आत आहे. चालवणारे काका-काकू दोघंही साठीच्या पुढचे, काका मुंबईत नोकरी करून रिटायर झालेले आणि काकू याच घरातल्या, म्हणजे हे त्यांचं माहेर. हा मुद्दा पुढे येईल.

आधी घराबद्दल. पूर्ण जांभ्याचं, चौसोपी नाहीये, लांबट आहे, समोर खळं, मग चार पायऱ्या चढून पडवी, पडवीच्या वर एक हात उंच ओटी, आत माजघर, माजघराच्या एका बाजूला देवघर आणि बाळंतिणीची खोली, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून मागची पडवी आणि न्हाणी. वर माळा. काकांनी एक फार चांगलं काम केलंय, बाजूची एक अख्खी भिंत गिलावा न करता उघडी ठेवलीये, त्यामुळे बांधकाम कसं आहे ते डोळ्याने दिसतं. चिऱ्यांवर म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडांवर तिरके घाव दिसतात ते हाताने घडवल्याचे, आता खाणीत मशीनने चिरा कापतात त्याच्यावर गोल पात्याच्या रेषा उमटतात, हा फरक एकदा कळला की मग कोकणातल्या कुठल्याही गडग्याकडे, म्हणजे दगडी कुंपणाकडे, बघितलं तरी जुना कुठला नवा कुठला ते ओळखता येतं. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि उघड्या हवेवर कडक होत जातो, म्हणून पूर्वी चिरे काढून बरेच दिवस तसेच ठेवायचे आणि मग बांधायला घ्यायचे. सांधे खालच्या भागात चुन्यात आणि वरती लाल मातीत आहेत. चुना शिंपल्या भाजून केलेला, समुद्र जवळ असलेल्या गावांत तोच मिळायचा.

आता या मातीच्या आणि चुन्याच्या सांध्यांचं महत्त्व मला तिथेच समजलं, कारण त्याच घरात उलटं उदाहरण पण आहे. मागच्या पडवीची भिंत काही वर्षांपूर्वी कोणा मिस्त्रीने सिमेंटने पॉइंटिंग करून वर सिमेंटचाच गिलावा करून दिला, तेव्हा मजबूत होईल असं सगळ्यांनाच वाटलेलं. जांभ्याला छिद्रं असतात, तो पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडून देतो, चुना त्याला आडवा येत नाही पण सिमेंट येतं. त्यामुळे आत गेलेली ओल आतच राहते आणि मग ती घराच्या आतल्या बाजूने फुटते. ती भिंत ऑक्टोबरात सुद्धा हाताला गार आणि ओली लागते, रंग फुगून पोपडे निघालेत, आणि उघडी ठेवलेली भिंत ठणठणीत कोरडी. ज्यांच्या गावाला जुनं घर आहे आणि ज्यांना रिपेअरिंग करायचंय त्यांनी या दोन भिंती बघण्यासाठी तरी इथे एकदा यावं, मी अगदी मनापासून सांगतेय, कारण आमच्याकडच्या गावात मागच्या दहा वर्षांत किती घरांना असं सिमेंट फासून ती आतून कुजवली आहेत ते बघवत नाही.

लाकूडकाम बघण्यासारखं आहे. ओटीचे खांब सागाचे, आतले वासे आणि तुळया ऐन आणि किंजळ या झाडांच्या लाकडाच्या, देवघराचं दार फणसाचं. खांब जमिनीत पुरलेले नाहीत, प्रत्येकाच्या खाली दगडी तळखडा आहे म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही लाकडापर्यंत सहज पोचत नाही. चूल अजून चालू ठेवलीये, गॅस आहेच पण रोज सकाळी पाणी तापवायला आणि भाकऱ्यांना चूल पेटवतात, त्याचं कारण काकूंनी सांगितलं ते असं की धूर वर जाऊन वाशांना लागला पाहिजे, धुराने लाकडाला कीड लागत नाही. बंद घरं लवकर का पडतात याचं हे एक कारण, माणसं नसली की चूल नाही, चूल नाही की धूर नाही, मग वाळवीला रान मोकळं.

कौलांची एक गंमत आहे ती सांगितलीच पाहिजे. घरावर मंगलोरी कौलं आहेत, पूर्वी नळ्याची म्हणजे अर्धगोल देशी कौलं होती, गोठ्यावर अजून थोडी नळ्याची शिल्लक आहेत. काका माळ्यावर नेऊन कौलाच्या खालच्या बाजूचा शिक्का दाखवतात, बासेल मिशन टाइल वर्क्स आणि त्याच्यावर १८६५ हे साल. आमच्या बरोबरच्या एका पाहुण्यांनी लगेच म्हटलं, अरे म्हणजे घर १८६५ चं! तर तसं नाही. मंगळूरला जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू केला, ते साल कारखान्याचं आहे आणि नंतर निघालेल्या कौलांवरही तेच यायचं. पण शिक्का अगदी निरुपयोगी नाही, कारण पहिल्या महायुद्धानंतर तो धंदा मिशनच्या हातातून गेला आणि कॉमनवेल्थ ट्रस्टकडे आला. म्हणजे मिशनच्या नावाची कौलं साधारण त्याच्या आधीच्या काळात तयार झालेली. काकांनी यावरून सांगितलं की छप्पर शंभर वर्षांच्या वरचं आहे एवढंच मी ठामपणे म्हणतो, भिंती त्याहून जुन्या असणार कारण आधी नळ्याची कौलं होती. मला हे फार आवडलं. कोकणात प्रत्येक दुसऱ्या होमस्टेच्या पाटीवर तीनशे वर्षं जुनं, चारशे वर्षं जुनं असं ठोकून दिलेलं असतं, विचारलं की आजोबा सांगायचे. इथे जेवढा पुरावा तेवढंच बोलणं.

कौलं जयगड बंदरात गलबताने यायची आणि तिथून बैलगाडीने. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पुढच्या पडवीवरची बरीच कौलं उडाली, तेव्हा पत्रा घालून मोकळं व्हा असा सल्ला सगळ्यांनी दिला, पण यांनी पडलेल्या दुसऱ्या घरांची जुनी कौलं विकत घेऊन पुन्हा चढवली. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात दरवर्षी कौलं परतायची, म्हणजे काढून पुन्हा नीट लावायची, तर खर्च आहे, आणि ते काम येणारी माणसं आता कमी होत चाललीत, हे सगळं धरून त्यांचे दर मला जास्त वाटले नाहीत.

आता मालकीचा भाग, ज्याच्यासाठी मी हा रिव्ह्यू एवढा लांब लिहायला घेतला.

माजघराच्या भिंतीवर फोटोंच्या ऐवजी कागद लावलेत. काचेच्या फ्रेममध्ये जुने फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी), सातबारा, आणि मोडीतले दोन कागद आणि त्यांच्या खाली देवनागरीत लिहून काढलेला मजकूर. बाकीचं सगळं एका जाड फाईलमध्ये, आणि ती फाईल कोणीही मागितली तर वाचायला देतात. घर खोतांचं. खोत म्हणजे सरकारचा सारा गोळा करून भरणारा, पण प्रत्यक्षात गावचा मालकच होऊन बसलेला, आणि जमीन कसणारी कुळं त्याला अर्धेल द्यायची म्हणजे पिकाचा निम्मा वाटा, शिवाय वेठ. १८८० मध्ये इंग्रजांनी खोती सेटलमेंटचा कायदा केला त्यात खोताचे हक्क कागदावर पक्के झाले. त्याच्या विरोधात पुढे अलिबाग तालुक्यात चरीला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ एवढा लांब संप झाला, बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने, तो १९५० मध्ये लागू झाला. मग कुळकायदा, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवसापासून कसणारा तो जमिनीचा मालक असं ठरलं.

हे सगळं या घरात वाचता येतं. फाईलमध्ये आधी शंभर दीडशे गुंठ्यांचे, एकरांचे उतारे, त्याच्यावर इतर हक्काच्या रकान्यात कुळांची नावं, मग कुळकायद्याच्या कलम ३२ ग खाली जमिनीची किंमत ठरल्याचे कागद, मग कुळाने जमीन विकत घेतल्याचे ३२ म चे दाखले, आणि मग एकेक गट नंबर या कुटुंबाच्या नावावरून निघून कुळांच्या नावावर गेलेला. शेवटी उरलं घर, खळं, मागची सुपारीची वाडी आणि थोडं कातळ. काकूंनी कुळांच्या नावांची यादी वेगळी स्वच्छ अक्षरात लिहून फ्रेम केलीये, घराण्याच्या वंशावळीच्या शेजारी, त्याच मापाच्या फ्रेममध्ये.

मी स्वतः कुळांच्या घरातली. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, पणजोबा अर्धेलीने कसायचे आणि आजोबांना ३२ म चा दाखला मिळाला तो आमच्याकडे अजून पेटीत जपून ठेवलाय. त्यामुळे खोतांच्या घरात पैसे देऊन राहायचं म्हटल्यावर आईला ते आवडलं नव्हतं. ओटी पडवीपेक्षा हातभर उंच का आणि खळ्यातून वर यायला बाजूने वेगळी पायरी का, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, पण काकांनी ते न विचारता सांगितलं. कोण खळ्यात उभा राहायचा, कोण पडवीत बसायचा, कोणाला ओटीवर घ्यायचे, धान्य कुठे मोजलं जायचं, माळ्यावरच्या कोठीत कुणाचं भात असायचं. आवाज न बदलता, लपवाछपवी न करता, आणि आमचे पूर्वज फार दयाळू होते वगैरेही काही नाही. हेरिटेज म्हणून जी घरं दाखवतात तिथे झोपाळा, पितळेची भांडी, दिवे यांचं कौतुक ऐकून ऐकून मला कंटाळा आलाय, ती भांडी कोणाच्या अर्धेलीवर आली ते कोणी बोलत नाही. इथे बोलतात. माझ्या दृष्टीने या होमस्टेची सगळ्यात मोठी गोष्ट हीच, जेवणाच्या आणि खोल्यांच्या कितीतरी वर.

पुढची मालकी पण तितकीच रंजक आहे. जमिनी गेल्यावर मुलगे मुंबईला, घर समाईक, सातबारावर वारस नोंदी वाढत वाढत नावांची रांग, कोणी गिरगावात, कोणी डोंबिवलीत, कोणी परदेशात. घर बराच काळ बंद. सहसा अशा घरात बहिणी भावांच्या नावाने हक्कसोडपत्र करून देतात आणि मोकळ्या होतात, इथे उलटं झालंय, भावांनी आणि बऱ्याच चुलत भावंडांनी काकूंच्या नावाने रजिस्टर हक्कसोडपत्र करून दिलं, कारण घर उघडं ठेवायला तयार असलेल्या त्या एकट्याच होत्या. २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क आला, त्यामुळे त्यांचा स्वतःचा हिस्सा तर होताच. पण सगळ्यांनी सही केलेली नाही. म्हणून माजघराच्या टोकाच्या दोन खोल्यांना वेगळी कुलपं आहेत, त्या दोन चुलत भावांच्या, आणि त्या खोल्या पाहुण्यांना देत नाहीत, उघडत पण नाहीत. काका म्हणाले, ज्याचा खण त्याचा, आम्ही फक्त वरची कौलं बघतो. घराचा एवढा भाग बंद बघून काही पाहुण्यांना विचित्र वाटतं म्हणे. मला उलट बरं वाटलं, कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक समाईक घराची हीच खरी परिस्थिती आहे.

एक उपयोगी गोष्ट काकांकडून समजली ती इथे लिहून ठेवते कारण पुष्कळ लोक यात गोंधळतात. ग्रामपंचायतीच्या आकारणीचा उतारा, नमुना ८, त्याच्यावर आपलं नाव आहे म्हणून घर आपलं झालं असं समजू नका. तो घरपट्टीसाठी असतो, मालकीचा पुरावा नव्हे. जमिनीचा सातबारा किंवा गावठाणात असेल तर प्रॉपर्टी कार्ड बघा, फेरफार मागून घ्या आणि एका पिढीच्याही वारस नोंदी राहिल्या असतील तर आधी त्या करून घ्या, कारण उशीर होईल तितके वारस वाढतात. काका कुठल्याही पाहुण्याला बसवून हे समजावतात, आमच्या बरोबरचे एक जण तर आपला उतारा मोबाईलवर काढून त्यांना दाखवत बसले होते रात्री.

राहण्याची सोय. पाहुण्यांना चार खोल्या आहेत, त्यातल्या तीन साध्या, गाद्या स्वच्छ, पंखे आहेत, मच्छरदाणी मागितली की मिळते. चौथी एसीची, आणि ती मला अजिबात आवडली नाही, एसीसाठी खाली पीओपीचं सीलिंग टाकलंय त्यामुळे वरचे वासे दिसत नाहीत आणि खांबांना ऑइलपेंट. एवढ्या समजूतदार लोकांनी हे का केलं असं मी विचारलं, तर म्हणाले एसी नसेल तर मे महिन्यात बुकिंगच येत नाही. पटलं, पण खोली नाही आवडली. संडास बाथरूम मागच्या पडवीला लागून, नवीन आणि स्वच्छ, पण रात्री उठून जायला लागतं. उंबरे उंच आहेत, माळ्याचा जिना उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी आधी फोनवर सांगावं म्हणजे पडवीजवळची खोली देतात. माळ्यावर रात्री खुडबुड ऐकू येते, जुन्या घरात ती असणारच.

जेवण शाकाहारी आणि घरचं, सकाळी घावन आणि चटणी किंवा आंबोळी, दुपारी भात, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी, सीझनला फणसाची भाजी. मासे पाहिजेत तर मालगुंडात खानावळीत जावं लागेल. चव चांगली, वाढणं आग्रहाचं, अजून काय लिहू.

दोन दिवस असाल तर जवळची आणखी तीन घरं बघा, हे घर पाहिल्यानंतर ती वेगळी दिसतात. एक मालगुंडातच, केशवसुतांचं जन्मघर, तिथे स्मारक आहे, साध्या कोकणी घराचा नमुना म्हणून बघायला फार छान. दुसरं रत्नागिरीत टिळकांचं जन्मस्थान, टिळक आळीत. तिसरा थिबा पॅलेस. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा, त्याचं राज्य १८८५ मध्ये इंग्रजांनी घेतलं आणि १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवला. त्याच्यासाठी हा वाडा बांधून झाला १९१० मध्ये, आणि १९१६ च्या डिसेंबरात तो वारला, म्हणजे जेमतेम सहा वर्षं तो त्यात राहिला. १९१९ मध्ये कुटुंब परत गेलं. एवढं मोठं घर, सागवान, रंगीत काचा, उतरती छपरं, आणि ज्याच्यासाठी बांधलं तो कैदी. आता तिथे म्युझियम आहे. खोताच्या घरातून निघून तिथे गेलं की घर कोणाचं हा प्रश्न आणखीनच डोक्यात फिरत राहतो, माझ्या मुलाने तर गाडीत सगळा वेळ तेच विचारलं.

काका-काकूंना मी एक सूचना केली, यादीतल्या कुळांच्या घरच्यांनी आठवणी सांगितल्या तर त्या पण लिहून फाईलला जोडाव्यात, कारण कागद झाले तरी ते खोतांच्या बाजूचेच कागद. काकू म्हणाल्या वाडीतल्या दोन म्हाताऱ्या बाईंशी बोलणं चालू आहे. दुसरी सूचना ती मागची भिंत, सिमेंट काढून पुन्हा चुन्यात करायची त्यांच्याही मनात आहे, चुन्याचं काम जाणणारा गवंडी कोणाच्या माहितीत असेल तर त्यांना नक्की कळवा, ते शोधतायत.

बुकिंग फोनवरच होतं, ऑनलाइन नाही, थोडा ॲडव्हान्स घेतात. साध्या खोलीला दिवसाला अडीच हजार, जेवण वेगळं. गणपतीत आणि शिमग्याला बुकिंग अजिबात घेत नाहीत, तेव्हा सगळे हिस्सेदार येतात आणि घर त्यांचं असतं. मे मध्ये गर्दी आणि उकाडा. माझ्या मते नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, आणि एसीची सोडून माजघराला लागून असलेली मधली खोली मागून घ्या.